संगणकाचें बिऱ्हाड

बिऱ्हाड हलविणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एकदां अनुभविलें आहे त्यांस तें सांगावयास नको. भांडीं मोजून गोणींत भरलीं, ट्रंकांस कुलुपें लावलीं, देव संपुटांत घेतले, आणि तरीहि नव्या घरीं पहिल्या संध्याकाळीं समईच्या वातीच सांपडत नाहींत, असें व्हावयाचेंच. संगणकाचें बिऱ्हाडहि याहून फारसें निराळें नाहीं. भेद असलाच तर एवढाच कीं, वात सांपडत नाहीं हें त्याच संध्याकाळीं कळतें. संगणकांतली वस्तु मात्र हरवली असतांहि कित्येक वर्षें हरवल्यासारखी वाटत नाहीं. तिचें नांव जागच्या जागीं असतें, आकारहि तेवढाच असतो, आणि उघडून पाहावें तों आंत वाचण्यासारखें कांहींच उरलेलें नसतें.

हा विषय आज काढण्याचें कारण असें कीं, सध्यां अनेक घरांतून हें बिऱ्हाड हलत आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या आपल्या कार्यप्रणालीची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. तिच्यापुढील 'विंडोज ११' चालण्यास जी सामग्री लागते ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नाहीं. त्यामुळें धडधाकट चालणारीं यंत्रेंहि बाजूस सारून लोक नवीं आणीत आहेत. नवें यंत्र निवडण्यांत घरांतलीं माणसें महिना महिना घालवितात. जुन्यांतली चीजवस्तु नव्यांत नेण्यास मात्र एक दुपार पुरे होईल, असा सर्वांचा समज असतो. माझाहि तोच होता. तो कसा फिटला, तें सांगतों.

एका दुपारचें काम

आमच्या परभणीच्या वाड्यांत माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणतों, यांच्या खोलींत २००४ सालीं घेतलेला एक संगणक होता. अण्णा शिक्षकी पेशांतून निवृत्त झाले त्याच वर्षीं तो घरीं आला, आणि पुढील सात वर्षें त्यांनीं त्यावर आमच्या घराण्याचा वृत्तांत लिहिला. त्या काळीं भारनियमन असे. वीज रात्रीं अकरानंतर यावयाची असली तर अण्णा अकरानंतर लिहावयास बसत. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून त्यांनीं पिढ्या उतरून आणल्या. गंगाखेड, सेलू, हैदराबाद येथील भाऊबंदांकडचे जुने कागद पाहिले. परंतु त्यांचा खरा शोध निराळाच होता. जुन्या वंशावळींत बापानंतर मुलगा आणि मुलानंतर नातू, एवढीच नोंद असते. लेकी सासरीं गेल्या कीं कागदावरून नाहींशा होतात, आणि सुना घरांत आल्या तरी त्यांचें माहेरचें नांव उंबऱ्याबाहेरच राहतें. अण्णांनीं नात्यांतल्या वृद्ध स्त्रियांपाशीं बसून हीं नांवें एकेक करून विचारून घेतलीं. त्या स्त्रियांपैकीं आज एकहि हयात नाहीं. ज्या वह्यांत हीं टिपणें होतीं त्यांना एका पावसाळ्यांत वाळवी लागली. पहिलीं साठ पानें तेवढीं कागदावर छापलीं होतीं. बाकी सारें उरलें तें त्या संगणकांत.

गेल्या दोन वर्षांत त्या यंत्राची पार उतरती कळा आली होती. पंखा करकरे, घड्याळ भलताच दिवस दाखवी, आणि कळ तीनदां दाबावी तेव्हां कोठें पडदा उजळे. अखेर २०२५ च्या दिवाळीनंतर नवें यंत्र आणलें. सामान हलविण्याचें काम माझ्याकडे आलें. मीं जुन्यांतलें 'माय डॉक्युमेंट्स' हें फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलें व नव्यांत उतरविलें. तीन हजारांवर फाइली पाऊण तासांत इकडून तिकडे गेल्या. मला स्वतःचें कौतुक वाटलें. जुनें यंत्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं दुकानदार मोडींत नेणार होता, व त्याबद्दल नव्याच्या किंमतींत थोडी सूटहि मिळणार होती.

रात्रीं जेवणें झाल्यावर अण्णा हौसेनें म्हणाले, "अरे, आपलें पुस्तक उघड बघूं."

फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरें, कंस, टक्के आणि उद्गारचिन्हें यांची एकच खिचडी दिसूं लागली. पान उलटावें तों दुसरें पान तसेंच. अण्णांनीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें, आणि ते शांतपणें म्हणाले, "हें मी लिहिलेलें नव्हे."

माझी वाचाच बसली. दारांत उभ्या असलेल्या काकू मात्र म्हणाल्या, "उद्यां त्या माणसाला येऊं नको म्हणून सांग." त्या रात्रीं आमच्या घरांत शहाणपणाचें असें एवढें एकच वाक्य उच्चारलें गेलें.

मनमाडचा फलाट

यांतलें मर्म समजावयास परभणीकरांस दूर जावयास नको. निजामाच्या राज्यांत हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, आणि परभणी मनमाडशीं जोडली गेली. हा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांमधलें अंतर एक मीटर. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग ब्रॉड गेजचा; तेथें तेंच अंतर साडेपांच फूट. मराठवाड्यांतला कापूस भरलेला डबा मनमाडास पोंचला तरी तसाच पुढें मुंबईस जाऊं शकत नसे. गांठी उतरावयाच्या, मोजावयाच्या, आणि दुसऱ्या गाडीच्या डब्यांत पुन्हां भरावयाच्या. उतारूंचीहि गत तीच. वळकट्या आणि मुलें सांभाळीत त्यांनीं फलाट बदलावयाचा. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आमच्याकडचे रूळ रुंद झाले, तेव्हां ही उठाठेव संपली.

संगणकाच्या बाबतींत असे रूळ दर कांहीं वर्षांनीं बदलतात. प्रोग्राम हे डबे होत, आणि फाइली हा माल. डबा नव्या रुळांवर जात नाहीं. त्या जातीचा नवा डबा तेथें उभा करावा लागतो. माल जाऊं शकतो. परंतु तो उतरून, मोजून, पुन्हां भरावा लागतो. या दोहोंतला भेद न ओळखतां जो सगळेंच एका पेन ड्राइव्हवर लादूं पाहतो, त्याची फजिती ठरलेली.

प्रोग्राम तसाच उचलून कां नेतां येत नाहीं, हें थोडक्यांत सांगतों. प्रोग्राम यंत्रांत बसवितांना तो एकाच जागीं बसत नाहीं. त्याचा मुख्य भाग एका फोल्डरांत, कांहीं सहाय्यक भाग कार्यप्रणालीच्या पोटांत, आणि त्याच्या नांवाची नोंद 'रजिस्ट्री' नामक सरबराई वहींत, अशी त्याची पांगापांग असते. आपण फोल्डर तेवढें उचललें तर झाडाचें खोड आलें आणि मुळें मागें राहिलीं, असें होतें. म्हणून प्रोग्राम नव्यानेंच बसवावा लागतो. त्यासाठीं त्याची मूळ तबकडी किंवा उतरवून घेतलेली प्रत, आणि खरेदीच्या वेळीं मिळालेला परवान्याचा क्रमांक, हीं दोन्ही जवळ असावीं लागतात. कांहीं प्रोग्रामांचा परवाना एका वेळीं एकाच यंत्रावर चालतो. तेथें जुन्या यंत्रावरून तो आधीं सोडवून घ्यावा. कांहींना जुन्या काळीं यंत्राच्या मागें लावावयाचें एक लहानसें कुलुप मिळे. तें ज्या खांचेंत बसे ती खांचच आजच्या यंत्रांना नसते.

आणखी एक अडचण वयाची. १९९० च्या दशकांतले पुष्कळ प्रोग्राम सोळा बिटांच्या रचनेचे आहेत. आजचें चौसष्ट बिटांचें विंडोज त्यांना मुळीं ओळखतच नाहीं. अशा वेळीं तीन मार्ग उरतात: त्याच प्रोग्रामाची नवी आवृत्ति घेणें, तोच माल वाचूं शकणारा दुसरा प्रोग्राम शोधणें, जसा लिबरऑफिस हा विनामूल्य मिळणारा प्रोग्राम जुन्या पत्रव्यवहाराच्या कित्येक फाइली उघडतो, किंवा नव्या यंत्राच्या आंत जुन्या यंत्राचा आभास निर्माण करणारा प्रोग्राम चालवून त्यांत जुन्याला नांदविणें. डॉसच्या काळांतल्या प्रोग्रामांसाठीं 'डॉसबॉक्स' हा असाच एक आहे.

अक्षरें कोठें गेलीं

परंतु आमच्या अण्णांचा प्रश्न डब्याचा नव्हता. फाईल उघडली होती, मालहि पुरा आला होता; वाचतां मात्र येत नव्हता. मराठी घरांत ही आपत्ति विशेषेंकरून ओढवते, म्हणून तिचें कारण नीट समजून घेणें अवश्य आहे.

संगणक अक्षरें साठवीत नाहीं. तो आंकडे सांठवितो. अमुक आंकडा म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधीं झालेला असावा लागतो. जुन्या करारांत एकूण २५६ घरें, व त्यांतलीं निम्मीं मूळचीं इंग्रजीचीं. मराठीला त्यांत जागाच नव्हती. तेव्हां आपल्या लोकांनीं एक युक्ति काढली. इंग्रजी अक्षरांच्याच घरांत त्यांनीं देवनागरीचे तुकडे नेऊन बसविले: येथें काना, तेथें वेलांटी, पलीकडे अर्धा 'क'. असा फॉन्ट लावला कीं पडद्यावर सुरेख मराठी दिसे. फाइलींत मात्र आंकडे राहत ते इंग्रजी अक्षरांचेच. त्यांतहि प्रत्येक फॉन्ट करणाऱ्यानें तुकडे आपापल्या सोयीनें मांडले. म्हणजे मराठी होती ती फाइलींत नव्हे, तर फॉन्टांत. आणि मीं फाइली आणल्या त्या फॉन्ट मागें ठेवून.

या गोंधळास शिस्त लावण्याचा यत्न झाला नाहीं, असें नाहीं. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें 'जिस्ट' या नांवानें भारतीय लिपींसाठीं मोठें काम केलें, आणि १९९१ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें 'इस्की' नांवाचा करार मानक म्हणून प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं जगांतल्या सर्व लिपींना सामावून घेणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीला स्वतःचीं १२८ घरें मिळालीं, व त्यांची मांडणी 'इस्की'च्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. विंडोज २००० पासून ही सोय घरगुती व कचेरींतल्या संगणकांत येऊं लागली. परंतु छापखाने, कचेऱ्या आणि अण्णांसारखे लेखक यांचे हात जुन्या फॉन्टांवर बसलेले होते. पुढें कित्येक वर्षें दोन्ही पद्धति शेजारीं शेजारीं नांदल्या. म्हणूनच ज्या घरांत १९९० पासून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कोणीं मराठी टंकलेखन केलें असेल, त्या घरांत अण्णांच्या पुस्तकासारख्या फाइली असण्याचा संभव पुष्कळ आहे.

आमच्या भागांत ही गोष्ट कागदाच्या बाबतींत पूर्वीं एकदां घडून गेली आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होती, व सरकारी भाषा उर्दू होती. घरगुती हिशेब आणि पत्रें मोडींत असत. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा व्यवहारांतला उपयोग जवळजवळ संपला. आज अनेक वाड्यांतून जमिनीचे उर्दू कागद आणि मोडी रुमाल नीट बांधून ठेवलेले आहेत. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, मात्र घरांत तो वाचणारें कोणी नाहीं. त्या स्थित्यंतरास दोन पिढ्या लागल्या होत्या. संगणकांत तेंच एका दुपारीं घडतें.

उतरून घेतलें, आतां ताडून पाहा

दुसऱ्या दिवशीं आम्हीं जुनें यंत्र पुन्हां जोडलें. पहिल्या दोन खेपांस तें चालू झालें नाहीं. तिसऱ्या खेपेस झालें, आणि अण्णांचें पुस्तक पडद्यावर जसेंच्या तसें उमटलें. मग आम्हीं कामाची नीट आंखणी केली. वाचकांच्या उपयोगासाठीं तिचा क्रम देतों.

प्रथम मराठीचे सर्व फॉन्ट उतरून घेतले. ते विंडोजच्या फोल्डरांत 'फॉन्ट्स' नांवाच्या पोटफोल्डरांत असतात. आपण ज्याला दस्तऐवजांचें फोल्डर म्हणतों त्यांत ते कधींच नसतात. ज्याचा परवाना आपणांपाशीं आहे तो फॉन्ट नव्या यंत्रांत बसविला कीं जुनी फाईल बहुधा पुन्हां मराठींत दिसूं लागते. दुसरें, जुन्या यंत्रावर पुस्तक उघडें असतांनाच त्याची पीडीएफ प्रत करून घेतली. पीडीएफ करतांना अक्षरांचे आकार फाइलीच्या आंतच भरून ठेवतां येतात. त्यामुळें ती पुढें कोणत्याहि यंत्रावर वाचतां येते. मात्र अशा प्रतींत एखादें नांव टंकून शोधावयास गेलें तर सांपडत नाहीं, कारण आंतले आंकडे जुनेच असतात. तिसरें काम म्हणजे मजकूर युनिकोडमध्यें पालटणें. यासाठीं परिवर्तक मिळतात. त्यांना फॉन्टाचें नांव मात्र बिनचूक सांगावें लागतें.

परिवर्तकानें दोनशें पानें कांहीं क्षणांत पालटलीं. आम्हांस हर्ष झाला. पण तो टिकला नाहीं. परभणी सुखरूप आली होती, मानवत व सेलूहि आलीं. परंतु 'जिंतूर' होतें तेथें 'िजंतूर' झालें होतें, आणि 'पूर्णा' नदीची 'पूणार्' झाली होती. याचेंहि कारण आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधीं टंकली जाई, आणि रफार सर्वांच्या शेवटीं डोक्यावर चढविला जाई. युनिकोडांत क्रम उच्चाराचा असतो: आधीं व्यंजन, मग वेलांटी, आणि रफाराचा 'र' आपल्या व्यंजनाच्या आधीं. परिवर्तकानें हे हातपाय योग्य जागीं बसविले नाहींत तर शब्द लुळापांगळा होतो. साध्या मजकुरांत अशी चूक वाचकाला सावरतां येते. नांवांत येत नाहीं.

तेव्हां वाचन करणें भागच होतें. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे १५८४ सालीं, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हें आपण जाणतोंच. सुमारें तीनशें वर्षें हातांनीं नकला होतां होतां मूळ ग्रंथांत अपपाठ शिरले होते. त्यांनीं ते निवडून काढले. लेखनिकानें कितीहि श्रद्धेनें नक्कल केली तरी ती ताडून पाहिल्यावांचून खरी मानूं नये, ही आपल्याकडची जुनी चाल आहे. यंत्रानें केलेल्या नकलेस ती सोडण्याचें कारण नाहीं.

अकरा रात्रीं हें काम चाललें. माझी पुतणी नव्या यंत्रावरचा मजकूर मोठ्यानें वाची; अण्णा जुन्या पडद्यापुढें बसून ओळीवर बोट ठेवीत; मी चुका दुरुस्त करीं. काकू वाती वळीत ऐकत बसत. सातव्या रात्रीं वाचन चाललें असतां काकूंनीं मधेंच विचारलें, "आणि मुलींचीं नांवें?"

आम्ही चपापलों. वंशवृक्षाच्या जुन्या मांडणींत लेकीसुनांना जागा नव्हती, म्हणून अण्णांनीं तीं नांवें पानाच्या कडेला लहान लहान चौकटी काढून त्यांत लिहिलीं होतीं. परिवर्तकानें मुख्य मजकूर तेवढा पालटला होता. चौकटींना त्यानें हातहि लावला नव्हता, आणि मजकूर नव्या फाइलींत घेतांना त्या सबंधच्या सबंध गळून पडल्या होत्या. जीं नांवें मिळविण्यासाठीं अण्णांनीं सात वर्षें घालविलीं, नेमकीं तींच दुसऱ्यांदा कागदावरून उतरत होतीं, आणि आम्हांपैकीं कोणाच्याहि तें ध्यानीं आलें नव्हतें.

चौकटी एकेक उघडून आम्हीं तीं नांवें हातानें पुन्हां टंकलीं. दोन ठिकाणीं अण्णांस स्वतःचेंच लिहिलेलें नीट उमगेना. काकूंनीं तीं तोंडानें सांगितलीं. आपल्या सासूबाईंचें माहेरचें नांव उच्चारून त्या म्हणाल्या, "हें मला ठाऊक आहे म्हणून आज निभावलें. माझ्यामागें कोणाला विचारलें असतें?" पुतणीनें तें नांव टंकलें, आणि जवळ कंसांत गांवहि घातला.

कोठें कोठें पाहावें

आमच्या या अनुभवावरून कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगणें इष्ट वाटतें.

नवें यंत्र आणण्यापूर्वींच जुन्याची यादी करावी. कोणकोणते प्रोग्राम रोज लागतात, त्यांचे परवाने कोठें आहेत, कोणाच्या कोणत्या फाइली आहेत, हें कागदावर लिहावें. एकत्र कुटुंबांत एकाच यंत्रावर चौघांचे संसार असतात. मुलाचे अभ्यासाचे कागद, सुनेचीं छायाचित्रें, दुकानाचे हिशेब, आजीच्या पाककृति, हीं सर्व एकाच फोल्डरांत सांपडतील असें समजूं नये. हिशेबाचे कित्येक प्रोग्राम आपला माल स्वतःच्याच फोल्डरांत ठेवतात. टपाल वाचण्याच्या प्रोग्रामाचा सांठा दडलेल्या जागीं असतो. न्याहाळकांतल्या खुणा व परवलीचे शब्द निराळे, आणि पडद्यावर पसरलेलीं चित्रें निराळीं. ज्याची वस्तु त्याला जवळ बसवूनच ती हलवावी. दुसऱ्याचें पत्र न वाचण्याचा शिष्टाचार येथेंहि पाळावा.

उतरून घेतांना 'कट' करूं नये, 'कॉपी'च करावी. वाटेंत वीज गेली तरी मूळ वस्तु जागेवर राहते. काम झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व एकूण आकार ताडावा, आणि प्रत्येक जातीची एकेक तरी फाईल नव्या यंत्रावर उघडून पाहावी. मीं पहिल्या दुपारीं एवढें केलें असतें तरी पुढचा प्रसंग टळला असता. जुन्या यंत्रांतून आलेल्या पेन ड्राइव्हवर विषाणु असूं शकतात. तो लावल्याबरोबर आधीं तपासावा. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजींच थांबली आहे. असें यंत्र इंटरनेटला जोडूं नये.

यंत्र मुळींच चालू होत नसेल तरी लगेच धीर सोडूं नये. पुष्कळदां बिघाड वीजपुरवठ्याच्या पेटींत किंवा पंख्यांत असतो, आणि हार्ड डिस्क निकोप असते. ती काढून, तिच्या जोडणीला लागणारी तार आणून, नव्या यंत्राच्या यूएसबी खांचेंत लावतां येते. जुन्या चाळीस टांचण्यांच्या रुंद पट्टीच्या डिस्कसाठीं व त्यानंतरच्या 'साटा' जातीच्या डिस्कसाठीं निरनिराळ्या जोडण्या लागतात. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पुन्हां पुन्हां प्रयत्न करूं नयेत, जाणत्याकडेच द्यावी.

प्रति किती असाव्यात, याविषयीं जाणत्यांचा एक सुटसुटीत नियम आहे: तीन प्रति, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आमच्या पुस्तकाची एक प्रत नव्या यंत्रांत आहे, एक स्वतंत्र हार्ड डिस्कवर, आणि एक पुण्यास धाकट्या काकांकडे. शिवाय एक कागदावर छापून बांधून घेतली. वाळवीपासून ती जपण्याचें काकूंनीं आपल्याकडे घेतलें आहे. दरवर्षीं दिवाळीच्या साफसफाईंत या प्रति उघडून पाहण्याचें ठरलें आहे. न उघडतां ठेवलेली प्रत म्हणजे न मोजतां ठेवलेली रोकड होय.

निरोप

जुनें यंत्र आम्हीं अद्याप दिलेलें नाहीं. नवें बिऱ्हाड नीट लागेपर्यंत निदान दोन-तीन महिने तें राहूं द्यावें. काय विसरलें हें त्या अवधींतच आठवत जातें. आमचेंहि एक फोल्डर पंधरा दिवसांनीं आठवलें, त्यांत काकूंचीं भजनें होतीं. पुढें तें देतांना डिस्कवरील मजकूर पुसून टाकणाऱ्या प्रोग्रामानें पूर्ण पुसावा. केवळ 'डिलीट' केल्यानें तो जात नाहीं, आणि त्यांत बँकेचे व घरचे सर्व व्यवहार असतात. यंत्र उकिरड्यावर टाकूं नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें नोंदणी झालेल्या पुनर्वापर करणाऱ्यांकडे तें जावें, हें योग्य.

सारांश, नव्या यंत्रांत फाइली गेल्या म्हणजे बिऱ्हाड हललें, असें समजूं नये. ज्यानें तें लिहिलें त्याला नव्या पडद्यावर आपलें म्हणून ओळखतां आलें, तेव्हां तें हललें. हें ओळखणारें माणूस आणि जुनें यंत्र, दोन्ही जोंवर आपल्या घरांत आहेत, तोंवरच हें काम सोपें आहे. पुढें यंत्र दुरुस्त करणारा एखादे वेळीं मिळेल. चौकटींतलीं नांवें तोंडानें सांगणारें कोणी मिळणार नाहीं. आपल्या घरीं असें जुनें यंत्र असेल, तर येत्या रविवारीं तें चालू करावें, शेजारीं वडीलधाऱ्यांसाठीं एक खुर्ची मांडावी, आणि पहिली फाईल त्यांनाच उघडावयास सांगावी.